शेतात बायांची कामं हलकी असतात म्हणून त्यांना दिवसाचा रोज कमी देतात, हे बरोबर आहे का?

नाही, अजिबात नाही. आमची यावल तालुक्यात कपाशी आहे, मी स्वतः वेचते. वेचणी हलकी म्हणणाऱ्याने एकदा कमरेला ओटी बांधून सरीत उतरावं. दव वाळलं की सुरुवात होते ती ऊन उतरेपर्यंत. सुकलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला घुसतात. रात्री ठेच्यासाठी मिरच्या खुडताना तीच बोटं आग आग करतात.

समान कामाला समान मोबदला हा कायदा 1976 मध्ये आला, आणि 2019 च्या वेतन संहितेतही तेच आहे. मग अडतं कुठे? कायदा 'सारखं काम' म्हणतो, आणि गावात कामंच वाटून टाकलीत. फवारणी गड्याची, निंदणी बाईची. कामाला बाईचं नाव लागलं की त्याचा रोज आपोआप खाली. दिवसभर वाकून निंदणं हलकं, हे ठरवलं कोणी? निंदणाऱ्या बाईला तर कोणी विचारलं नाही.

शिक्षणातही तेच. वेचणीला माणसं कमी पडली की शाळा मुलीची बुडते, मुलाची क्वचितच. जळगावच्या विद्यापीठाला 2018 मध्ये बहिणाबाईंचं नाव दिलं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, गाणी दुसऱ्यांनी उतरवून घेतली म्हणून टिकली. मला याचा अभिमान आहे, आणि वाईटही वाटतं.

तुमच्या शेतात मजूर लावत असाल तर या हंगामात निंदणीचा आणि फवारणीचा रोज सारखा ठेवा. आम्ही मागच्या वर्षीपासून ठेवलाय.