लेकीने परीक्षण लिहिलं, माफी बाबांनी मागितली

या वेळचं पत्र मानेवाडा रोडवरून आलंय, एका बाबांचं. मुलगी २२ वर्षांची, एमए मराठीच्या दुसऱ्या वर्षाला, बीएला ७१ टक्के. मागच्या दिवाळीत तिचा पहिला कथासंग्रह आला, ३०० प्रती, त्यातल्या निम्म्या अजून घरात सोफ्याखाली. ती इन्स्टावर पुस्तकांबद्दल लिहिते, आणि दोन महिन्यांपूर्वी तिने नागपुरातल्याच एका ज्येष्ठ लेखकांच्या नव्या कादंबरीवर जरा कडक लिहिलं. ते फिरत फिरत त्यांच्यापर्यंत गेलं. बाबा म्हणतात, "लेखकाने दुसऱ्या लेखकाच्या पुस्तकावर चारचौघांत लिहूच नये. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? उद्या हेच लोक पुरस्काराच्या कमिटीवर, हेच इंटरव्ह्यूला. वर अब्रुनुकसानीची केस झाली तर? तिला समजवा, बीएड कर म्हणा, आणि लिहायचीच हौस असेल तर टोपणनावाने लिही म्हणा."

भाऊ, पहिल्यांदा पत्र वाचलं तेव्हा मलाही वाटलं प्रश्न परीक्षणाचा आहे. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या पानावरचं वाक्य दिसलं, जे तुम्ही सहज लिहून गेलात: "पोस्ट मीच तिच्या फोनवरून डिलीट केली आणि सरांना फोन करून तिच्या वतीने माफी मागितली. तिला वाटतं कोणी रिपोर्ट केल्यामुळे पोस्ट उडाली."

आता मार्क, बीएड, कमिटी सगळं जरा बाजूला ठेवू. तिला वाटतं कोणीतरी रिपोर्ट केलं. कोणी केलं असेल असं तिला वाटत असेल? त्या लेखकांच्या माणसांनी, दुसरं कोण! म्हणजे जे वैर होऊ नये म्हणून तुम्ही हे केलं ते वैर तुम्हीच तिच्या डोक्यात घालून ठेवलं, आणि तिकडे त्या लेखकांच्या डोक्यात हे की पोरगी घाबरली, बापाला पुढे केलं. दोघंही चुकीचं समजून बसलेत आणि खरं फक्त तुम्हाला माहीत आहे. आणि आपलं नागपूर साहित्याच्या बाबतीत केवढं आहे हो? धरमपेठेत कोणी शिंकलं तर तिकडे महाल भागात कळतं. झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघात एखाद्या कार्यक्रमाला ती जाईल, चहाच्या वेळी कोणीतरी म्हणेल, "अरे तूच ना ती, बाबांनी फोन केला होता ना तुझ्या?" त्या क्षणी तिच्या हातात चहाचा कप असेल आणि तिला काय बोलावं ते सुचणार नाही. मला या सगळ्यात केसची अजिबात भीती वाटत नाही, त्या चहाच्या कपाची वाटते.

पुढे काय करावं याचा सल्ला मुलांना द्यायला मी बसते, त्या टेबलासमोर खुर्च्या तीन आहेत. मी मुलीला विचारते, "तुला काय करायचंय?" आणि उत्तर बाबांच्या खुर्चीतून येतं, हे मी रोज बघते. पण तिथे निदान मुलगी शेजारी बसलेली असते, ऐकत असते, चेहरा पाडते. तुम्ही तर ती खोलीत नसताना तिच्या नावाने बोलून आलात. ज्या माणसाला शब्दांवर जगायचंय त्याच्याकडे स्वतःच्या शब्दाशिवाय भांडवल काय असतं? ते तुम्ही परस्पर मोडलं. काळजीपोटी केलं हे मला कळतं, माझेही वडील तसेच होते, पण केलं ते चूकच.

आता परीक्षण. तुम्ही स्क्रीनशॉट जोडले ते बरं केलं (डिलीट करायच्या आधी ते काढून ठेवावेसे वाटले, यावरून तुम्हालाही ते काही अगदीच टाकाऊ वाटलं नव्हतं असा माझा संशय आहे). मी सगळे वाचले. तिने लिहिलंय की नायिकेची आई पान ४० वर वारते आणि पान ११२ वर जावयाला चहा देते. गडचिरोलीचा वनमजूर सदाशिव पेठेतल्यासारखा बोलतो हे तिने दोन संवाद देऊन दाखवलंय. आणि अंबाझरीच्या काठावरचा प्रसंग किती चांगला उतरलाय तेही मनापासून लिहिलंय, परिच्छेदभर. याला टीका म्हणा नाहीतर काही म्हणा, मी म्हणेन तिने पुस्तक वाचलंय. आपल्याकडे निम्मी परीक्षणं मलपृष्ठ आणि प्रस्तावना वाचून लिहिलेली असतात, हे तुम्ही बाहेरचे म्हणून तुम्हाला माहीत नसेल.

एक वाक्य मात्र खटकलं. "सरांचा सगळा वेळ सत्कारात जातो, मग कादंबरी अशीच होणार." हे तिने लिहायला नको होतं.

आणि तुमची केसची भीती नेमकी इथेच येऊन टेकते, म्हणून जरा थांबते. पुष्कळ लोकांना वाटतं की पुस्तकाला वाईट म्हटलं की अब्रुनुकसानी झाली. असं नाही. १ जुलै २०२४ पासून हा विषय भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, आधी भारतीय दंड संहितेचं, म्हणजे आयपीसीचं ४९९ होतं, आणि दोन्हीकडे यासाठी स्वतंत्र अपवाद आहे: जी कलाकृती लोकांपुढे त्यांच्या मतासाठी ठेवली तिच्या गुणदोषांवर सद्भावनेने मत देणं म्हणजे बदनामी नाही. पुस्तक छापणारा ते लोकांच्या निवाड्यासाठीच ठेवतो, असं उदाहरणच तिथे दिलंय. पुढची दोन उदाहरणं तर मी परीक्षण लिहिणाऱ्या प्रत्येक पोराला ऐकवते. 'झेडचं पुस्तक मूर्खपणाचं आहे, म्हणजे झेड दुबळा माणूस असणार', हे चालतं, कारण मत पुस्तकावरून काढलंय. 'झेडचं पुस्तक मूर्खपणाचं आहे यात मला नवल नाही, कारण तो माणूसच दुबळा आणि लंपट आहे', हे चालत नाही, कारण माणसाबद्दलचं मत आधीच खिशात होतं. आता सत्कारवालं वाक्य बघा, ते कुठे बसतं? पान ११२ चा चहा पहिल्या प्रकारात, सत्कार दुसऱ्यात. त्या एका वाक्याने कोर्टकचेरी होईल असं मी म्हणत नाही, मी काही वकीलही नाही आणि केस टाकायची तर कोणी कोणावरही टाकतो, पण वाचणाऱ्याला जे खुपलं असेल ते हेच खुपलं असेल. माफी मागायचीच तर एवढ्याची मागता आली असती, तीही तिने.

लेखकाने लेखकावर लिहावं का, तर माझं मत विचाराल तर लिहावं. लिहिणाऱ्यालाच कळतं शिवण कुठे उसवलीय. कुसुमावती देशपांडे आपल्याच विदर्भाच्या, नागपुरात इंग्रजी शिकवायच्या, कथा लिहायच्या आणि मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाची झाडाझडतीही त्यांनीच घेतली. १९६१ ला ग्वाल्हेरला साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, पहिल्या महिला अध्यक्ष. नेमाडे कादंबरीकार, पण १९९० चा साहित्य अकादमी त्यांना समीक्षेच्या पुस्तकासाठी मिळाला, आणि गोड बोलण्याबद्दल ते कधीच प्रसिद्ध नव्हते. म्हणून तिलाही मिळेल असं नाही हं, तेवढी भोळी मी नाही. चार दारं बंद होतीलही. एखाद्या यादीत नाव येणार नाही, एखाद्या कविसंमेलनाचं बोलावणं येणार नाही. तुमची भीती खोटी नाही, तुम्ही तिची किंमत फार जास्त लावलीय एवढंच.

खरं नुकसान मला दुसरीकडे दिसतं. तुम्हाला चालणारी परीक्षणं कोणती? गोड. मी तुझ्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर कौतुकाचा मजकूर लिहितो, तू माझ्यावर पुरवणीत लिही, अहो रूपम् अहो ध्वनि. अशा दहा परीक्षणांनंतर अकराव्याला कोणी विचारत नाही. तेव्हा तिला सांगायचंच असेल तर हे सांगा की मैत्रिणीच्या पुस्तकावर लिहू नको, किंवा लिहिलंस तर पहिल्याच ओळीत मैत्रीण आहे म्हण. प्रकाशकाकडून 'अभिप्रायार्थ' शिक्का मारून फुकट प्रत आली असेल तर तेही सांगून टाक. आणि ज्याच्यावर खुन्नस आहे त्याचं पुस्तक सोडून दे, जगात दुसरी पुस्तकं आहेत.

टोपणनावाचं तर बोलूच नका. लंडनच्या टाइम्स लिटररी सप्लिमेंट या परीक्षणांच्या साप्ताहिकात १९७४ पर्यंत परीक्षणाखाली नावच नसायचं, आणि मग कोण कोणाचा मित्र आणि कोण कोणाचा हिशेब चुकता करतोय हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. सहीने लिहिणारा माणूस सत्काराचं वाक्य लिहिताना दहादा थांबतो, बेनामी कशाला थांबेल?

बीएड, प्राध्यापकीसाठी नेट, सेट, नाहीतर एमपीएससी, सगळे रस्ते आहेत, ७१ टक्क्यांत एकही बंद नाही, नेट तिने एमए संपता संपता देऊन टाकावी. परीक्षणांवर घर चालत नाही, बहुतेक वेळा मानधन म्हणजे तेच पुस्तक. पण प्रकाशकाकडे हस्तलिखित वाचून कुठे काय बिघडलंय ते सांगणारं माणूस लागतं, आणि मेलेली आई चहा करतेय हे जिला दिसलं तिने ते दोन स्क्रीनशॉट घेऊन संपादकाच्या कामासाठी अर्ज करावा. हे काम कुणी काहून सुचवत नाही कोण जाणे.

तर भाऊ, मी तिला काही समजावणार नाही. तुम्हीच आज रात्री जेवणं झाल्यावर तिला सांगा की पोस्ट मी काढली आणि फोन मी केला. ती चिडेल, चिडू द्या, मध्ये "तुझ्याच भल्यासाठी" म्हणू नका. मग स्क्रीनशॉट तिच्याकडे द्या. ते वाक्य काढून पुन्हा टाकायचं, आहे तसं टाकायचं, का नाहीच टाकायचं, सरांना भेटायचं का नाही, ते ती बघेल. फोनचा पासवर्ड तिने बदलला तर विचारू नका.

आणि एक. पत्रात तुम्ही म्हणालात की ती कादंबरी तिने बर्डीवरून स्वतःच्या पैशाने विकत आणली, घरातच आहे, पण तुम्ही वाचलेली नाही. रविवारी वाचा. नंतर अजूनही वाटलं की माफी बरोबर होती, तर मला परत लिहा.