गुहा की लेणे?
कानडीतला 'गुहे' हा शब्द निसर्गाने घडवलेल्या आणि माणसाने कोरलेल्या अशा दोन्ही पोकळ्यांना चालतो, त्यामुळे आपल्या बेळगाव-खानापूरकडचे नवे लेखक सहज 'बदामीच्या गुहा' असे लिहून जातात. मराठीत मात्र निसर्गाने घडवलेली ती गुहा आणि माणसाने कोरलेले ते लेणे, म्हणून आपण तिथे 'लेणी' असेच लिहावे. बदामीच्या ज्या तिसऱ्या लेण्यात चालुक्य वंशातल्या मंगलेशाचा इसवी सन 578 चा शिलालेख आहे, ते छिन्नीने खोदलेले आहे, आणि नाशिकच्या प्राकृत शिलालेखांतही 'लेण' हाच शब्द आढळतो. 'एक लेणी पाहिली' हे वाक्य मला फार खटकते, कारण एक असेल तर लेणे आणि अनेक असतील तर लेणी. 'लेण्यात' व 'लेण्यांत' यांतला अनुस्वार गाळला की संख्याच बदलते. गुहेसाठीचा 'गह्वर' हा संस्कृत शब्द कवितेपुरता ठेवावा.