व्हिक्टोरियन खुर्ची: चाकावरचं नाव कुणाचं?

प्रश्न: लिलावात घेतलेल्या गादीच्या आरामखुर्चीच्या पुढच्या पायांना पितळी चाकं आहेत. त्यांवर इंग्रजीत 'कोप अँड कॉलिन्सन, पेटंट' असं लिहिलंय. खुर्ची याच कंपनीची समजायची का? (वाचक, सांगली)

उत्तर: नाही. कोप अँड कॉलिन्सन चाकं बनवायचे. ती वेगवेगळे खुर्चीवाले विकत घेऊन बसवत. चाकांवरून फार तर काळाचा अंदाज येतो, तोही ती मूळची असतील तरच. एक चाक उतरवून पायाचं टोक बघा. स्क्रूची जादा, बुजवलेली भोकं दिसली की चाकं बदललेली आहेत.

आता खुर्ची घोंगडीवर उलटी करा. बनवणाऱ्याचा ठसा असलाच तर तो बहुधा मागच्या पायाच्या आतल्या अंगाला किंवा बैठकीच्या चौकटीवर असतो. लंडनच्या हॉवर्ड अँड सन्स या खुर्चीवाल्यांचं नाव नि क्रमांक मागच्या पायावर सापडतात. लँकेस्टरचे फर्निचरवाले गिलोज चौकटीवर ठसा मारत. बॅटरी समोरून मारू नका, लाकडाला जवळजवळ टेकवून तिरपी धरा, म्हणजे पुसट अक्षरं सावलीने उठतात. तरी वाचता आली नाहीत तर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी घासा. सँडपेपर मात्र अजिबात नको. ठसा इतका उथळ असतो की दोनदा घासलं तरी पार पुसून जातो. चौकट आतून बघायला बैठकीखालचं काळं कापड एकाच कडेचे खिळे उपसून उचला आणि ते जुने खिळे डबीत जपून ठेवा.

पतंगाच्या आकाराचा शिक्का दिसला तर तो 1842 ते 1883 मधल्या ब्रिटिश डिझाइन-नोंदणीचा. वरच्या टोकाच्या गोलातला रोमन आकडा आधी वाचा: दोन म्हणजे लाकूड, एक म्हणजे धातू. चाकावर 'एक' असेल तर नोंदणी फक्त चाकाची. शिवाय शिक्क्यातली तारीख डिझाइन नोंदवल्याची असते, खुर्ची बनल्याची नाही.

लाकूडही तपासा. इंग्लंडमध्ये गादीखालची चौकट बहुधा बीच किंवा बर्च या तिकडच्या झाडांच्या लाकडाची असे. तुमच्या खुर्चीत ती सागवानी निघाली, वरचं काम शिसवीचं असलं, तर खुर्ची इथलीच असण्याची शक्यता मोठी. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवीचं कोरीव फर्निचर भरपूर होत होतं, मग लंडनचा ठसा शोधण्यात वेळ का घालवा? आणि तसंही त्या काळच्या बहुतेक खुर्च्यांवर ठसा नसतोच. विक्रेता नुसत्या आकारावरून 'गिलोज' म्हणत असेल, तर त्या नावाचे जादा पैसे देऊ नका.

प्रश्न: सहा खुर्च्यांच्या चौकटींवर आतून पटाशीने रोमन आकडे कोरलेत. ही कारागिराची खूण का? (वाचक, पणजी)

उत्तर: नाही, संचातला क्रमांक. तोच आकडा सुट्या बैठकीच्या खालच्या बाजूलाही शोधा. कुठली बैठक कुठल्या चौकटीत जाते ते त्यावरून कळतं. बैठक अडकत असेल तर रंधा मारण्याआधी आकडे जुळवून पाहा, बहुतेकदा अदलाबदल झालेली असते. सहांत नऊ किंवा अकरा असा आकडा निघाला, तर संच मुळात मोठा होता.