पद्मिनीचे दोन्ही रनिंग बोर्ड गंजलेत. कापण्याआधी बॉडीला आतून आधार द्यावा लागतो का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांची १९८७ ची प्रीमियर पद्मिनी रत्नागिरीला आठ वर्षं उभी होती. दोन्ही बाजूंचे रनिंग बोर्ड आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर गळून गेलाय. डेंटर म्हणतो, "खाली दोन जॅक लावतो, दोन्ही बाजू एकदम कापतो, आठ दिवसांत नवा पत्रा मारून देतो." आत पाईप वगैरे बसवायची खरंच गरज आहे का, असा तुमचा प्रश्न आहे.

आहे. पाईप बसवून मापं लिहून होईपर्यंत त्याला ग्राइंडर लावू देऊ नका, एवढी ती गरज आहे.

मी सांगलीत फॅब्रिकेशनचं काम करतो आणि गेल्या पंधरा वर्षांत पाच पद्मिनी खालून उभ्या केल्यात. पहिली माझी स्वतःची होती. ती मी एका गॅरेजला दिली होती आणि तिथे नेमकं तेच झालं जे तुमचा डेंटर सुचवतोय.

आधी ही गरज का पडते, ते सांगतो. जीपला खाली जाड चासी असते. तिची बॉडी उचलून बाजूला ठेवली तरी खालचा सांगाडा जसाच्या तसा राहतो. पद्मिनी म्हणजे मुळात इटलीची फियाट ११००, १९५३ साली आलेल्या ११००/१०३ च्या घराण्यातली. आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यात ती १९६४ पासून डिलाइट म्हणून निघाली आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने. नाव बदललं तरी बांधणी तीच राहिली. हिला वेगळी चासी नाही, पत्र्याच्या पेट्या एकमेकींना जोडून सगळी ताकद उभी केलेली आहे. त्यातली सगळ्यात मोठी पेटी म्हणजे दाराखालचा सिल, ज्याला आपले डेंटर रनिंग बोर्ड म्हणतात. पाय ठेवायची ती पायरी वाटते, पण पुढची चाकं आणि मागची चाकं यांच्यामधलं वजन तोच तोलत असतो. वर चार दारांची मोकळी भोकं, त्यांच्यावर छपराची बारीक पट्टी. खालून दोन्ही सिल एकदम काढले तर मधल्या भागाला धरून ठेवायला फ्लोअर आणि मधला टनेल, म्हणजे गाडीच्या मधोमध लांबीने जाणारा फ्लोअरचा उंचवटा, एवढंच उरतं, आणि तुमचा फ्लोअरही गेलेला आहे.

माझ्या गाडीचं असं झालं की सिल कापल्यावर मधला पिलर, म्हणजे पुढच्या आणि मागच्या दारांमधला खांब, छपराला नुसता लोंबकळत राहिला. गाडी दोन्ही टोकांना टेकलेली होती, त्यामुळे पोटात झोळ पडला. फडताळाच्या फळीवर डबे जास्त झाले की ती जशी मधे वाकते, तसा. नवा पत्रा त्याच झोळावर वेल्ड झाला. गाडी घरी आली तेव्हा पुढच्या दाराचा मागचा वरचा कोपरा पिलरला घासत होता आणि खालची फट एवढी मोठी की करंगळी जाईल. दार उचलून ढकलल्याशिवाय लागत नव्हतं. त्यांनी बिजागऱ्या वाकवून बघितल्या, लॉकचा स्ट्रायकर, म्हणजे पिलरवरचा लॉक अडकतो तो भाग, सरकवला. महिन्याभरात पुढची काच कोपऱ्यातून तडकली. शेवटी सगळा नवा पत्रा मीच कापून काढला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पुढे जे सांगतोय ते तिथे शिकलो.

पहिलं काम माप घेण्याचं, आणि तेही गाडी अजून स्वतःच्या चाकांवर उभी असताना, चारही दारं लावलेली असताना. प्रत्येक दाराच्या भोकाचे दोन्ही कर्ण मोजा, वरच्या बिजागरीपासून मागच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत आणि उलट. मोजायची जागा डोळ्याने ठरवू नका. चांगल्या पत्र्यावर सेंटर पंचने, म्हणजे टोकदार छिन्नीसारख्या हत्याराने, ठिपक्याची खूण करा आणि टेपचं टोक दर वेळी त्याच खुणेवर धरा. आत एका मधल्या पिलरपासून समोरच्या मधल्या पिलरपर्यंत मोजा, पुढच्या दोन पिलरांचंही तसंच, आणि मग तिरपं. खाली दोन्ही बाजूंना चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. हे अंतर मूळ २३४० मिमी आहे. आकडा जुळण्यापेक्षा दोन्ही बाजू एकमेकींशी जुळणं महत्त्वाचं. दारांच्या फटींसाठी मी ४ आणि ६ मिमी प्लायच्या चिंचोळ्या पट्ट्या वापरतो. कुठे कोणती पट्टी जाते ते दारावर मास्किंग टेप चिकटवून तिथेच लिहितो. वहीचं पान हरवतं, दार हरवत नाही. फोटोही काढाच.

हे झालं की वजन उतरवा. इंजिन, सीट, काचा, आणि डिकीतली पेट्रोलची टाकी. टाकी "रिकामी आहे" म्हणून आत ठेवू नका, रिकाम्या टाकीतली वाफच जास्त घातक. बॅटरीच्या वायरी सोडा.

मग आधार. गाडी जिथे रस्त्यावर स्वतःचं वजन टाकते तिथेच तिला टेकवायचं. पुढे सस्पेन्शन धरणाऱ्या आडव्या क्रॉसमेंबरखाली आणि मागे पाट्याच्या स्प्रिंगच्या पुढच्या हँगरखाली, म्हणजे स्प्रिंग बॉडीला जिथे अडकते तिथे. तो हँगर सिलच्या शेवटाजवळ असतो आणि कोकणातल्या गाडीत बहुधा तोही सडलेला निघतो. स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. आत गेला तर तिथे टेकवू नका, सरळ मागच्या ॲक्सलखाली स्टँड द्या. पिनवाले लोखंडी स्टँड हवेत, नाहीतर लाकडाचे आडवे-उभे रचलेले ठोकळे. तुमच्याकडे अंगणात जांभ्याचे चिरे पडलेले असतील, पण ते गाडीखाली अजिबात नको. चिरा भिंतीत शंभर वर्षं टिकतो, पण स्टीलची कड एका बिंदूवर टेकली की इशारा न देता फुटतो, आणि त्या वेळी कुणीतरी खाली झोपलेलं असतं.

चारही टेके एका पातळीत आणायला गवंड्याची पाण्याची नळी घ्या. आरपार दिसणारा दहा मीटरचा प्लास्टिक पाईप, आत पाणी, बुडबुडा राहू द्यायचा नाही. एक टोक पुढच्या खुणेवर, दुसरं मागच्या. एवढ्या लांबीवर स्पिरिट लेव्हलपेक्षा ही बरी, आणि फरशी वाकडी असली तरी बिघडत नाही. मधल्या टनेलखाली एक फळी आणि बाटली जॅक ठेवा, पण तो नुसता टेकलेला असू द्या. तो दाबून उचललात तर गाडी उलटी, उंटासारखी वाकेल आणि दारांच्या फटी वरच्या बाजूला उघडतील.

आता फटी परत बघा. टेपवर लिहिलेल्या जागी तीच पट्टी जाते का? तुमची गाडी आधीच थोडी बसलेली असू शकते, आठ वर्षांत सिल सडत असताना हळूहळू. म्हणून डाव्या-उजव्या बाजूंची तुलना करा आणि जॅकने एकेक मिलिमीटर करत फटी सरळ करून घ्या. घाईत हेच राहून जातं. पाईप बॉडीला आहे त्या आकारात बांधून ठेवतो. आकार चुकीचा असेल तर चुकीचाच पक्का होतो.

पाईपसाठी २५ बाय २५ मिमीचा, २ मिमी जाडीचा चौकोनी पाईप पुरतो. प्रत्येक दाराच्या भोकात एक आडवा, पिलरापासून पिलरापर्यंत, आणि एक तिरपा. तिरपा टाळू नका. गावाकडच्या फळ्यांच्या दाराला मागून तिरपी पट्टी मारलेली असते ना, ती नसली की दार काही वर्षांत कलतं. इथेही तसंच, चौकट कलते, त्रिकोण कलत नाही. मग आत दोन्ही मधल्या पिलरांना जोडणारा आडवा, डॅशबोर्डखाली पुढच्या पिलरांना जोडणारा आडवा, आणि या दोघांमध्ये फुलीसारखे दोन तिरपे.

बहुतेक डेंटर पाईप दाराच्या चौकटीच्या तोंडावरच वेल्ड करतात. मग दार लावता येत नाही आणि काम संपेपर्यंत फट बरोबर आहे की नाही ते कळतच नाही. पाईप पिलरच्या आतल्या बाजूला बसवा, दार पूर्ण बंद होईल इतका आत. सिलपासून निदान वीतभर वर ठेवा, नाहीतर ग्राइंडर आणि वेल्डिंगची गन आत जाणार नाही. पिलरचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड असतो, त्यावर थेट पाईप वेल्ड केला तर भोक पडतं. म्हणून ३ मिमी जाड पट्टीचे तळहाताएवढे तुकडे आधी टाके, म्हणजे वेल्डिंगचे छोटे ठिपके, मारून बसवा आणि पाईप त्यांवर जोडा. पाईप कापताना तो जोर न लावता सहज बसला पाहिजे. ठोकून बसवलेला पाईप पिलर ढकलत राहतो. दोन्ही टोकांना एकेक टाका, कर्ण मोजा, मगच पक्का वेल्ड. वेल्ड थंड होताना आकसतो आणि ओढतो, तुमचा आधारसुद्धा गाडी ओढू शकतो.

कापायची एकच बाजू. ती पूर्ण होईपर्यंत दुसरीला हात नाही, कितीही सडलेली दिसली तरी. आधी फक्त बाहेरचा पत्रा काढा आणि आत किती उरलंय ते बघा. आतला सिल आणि फ्लोअरची कड आधी, बाहेरचा शेवटी. सलग लांब पट्टा न कापता फूटभर कापा, नवा तुकडा बसवा, पुढे सरका. मधल्या पिलरचं बूड सगळ्यात शेवटी, आणि तेही दोन वेळा अर्धं-अर्धं. गॅस वेल्डिंगने पत्रा दूरवर तापतो आणि लाटा येतात. शक्य असेल तर सीओटू वेल्डिंगवाला (गनमधून वायर येते ते वेल्डिंग) शोधा, ०.८ मिमीची वायर, थोडे थोडे टाके एकमेकांपासून लांब, आणि मधे हात लावता येईल इतकं थंड होऊ द्यायचं.

बाहेरचा सिल वेल्ड करायच्या आधी क्लॅम्पने धरा, दार लावा, प्लायची पट्टी फिरवा. नीट असेल तर चार टाके. पुन्हा दार लावा. मी एका सिलसाठी वीस-पंचवीस वेळा दार उघडतो आणि बंद करतो. गाडी बरोबर बसलेली असते तेव्हा दार दोन बोटांनी ढकललं तरी लॉकचा तो एकच कोरडा आवाज येतो, मागून दुसरा खडखडाट नाही. तो आवाज आला की पूर्ण वेल्ड करा.

व्हिडिओत दिसते तशी, सळईवर भाजायच्या कोंबडीसारखी गाडी गोल फिरवायची चौकट भाड्याने मिळत असेल तर मोह होईल. सिल सडलेले असताना त्यावर चढवू नका, ती गाडीला फक्त दोन टोकांना धरते. सिल झाल्यावर फ्लोअरच्या उरलेल्या कामासाठी खुशाल वापरा.

पाईप काढायचे ते दोन्ही सिल आणि फ्लोअर पूर्ण झाल्यावर. एकेक पाईप कापा आणि प्रत्येक वेळी कर्ण मोजा. मिलिमीटर-दोन मिलिमीटर हललं तर चालतं. पाच हललं तर थांबा, कुठला तरी वेल्ड नुसता वरवर बसलाय. मग सिलच्या आत लांब नळीने मेणाचं कोटिंग फवारा आणि खालची पाणी जायची भोकं वेल्डिंगमध्ये बुजली असतील तर ड्रिलने परत मोकळी करा. तुमच्याकडच्या पावसात पाणी आत जाणारच, ते बाहेर पडायला वाट हवी.

डेंटरला आधी मापं घ्यायला सांगा. नाही म्हणाला तर मापं तुम्हीच घ्या, पाईप जवळच्या ग्रिल-शटरवाल्याकडून बसवून घ्या आणि गाडी मग त्याच्या हवाली करा. मधल्या पिलरच्या बुडाचे आणि मागच्या स्प्रिंग हँगरचे फोटो इथे टाकलेत तर टेका कुठे द्यायचा ते मी बघून सांगतो.