वर्तमानपत्रातली परीक्षणं वाचून मालिका निवडावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पेपरातले समीक्षक ज्या मालिकेचं कौतुक करतात ती तुम्हाला कंटाळवाणी वाटते, आणि ज्या मालिकेला ते धारेवर धरतात ती तुमच्या घरी रोज न चुकता लागते. मग चुकतंय कोण, समीक्षक की तुमची आवड?

दोघंही नाही. ‘ही मालिका बघू का?’ या प्रश्नाचं उत्तर परीक्षणात शोधूच नका, निदान रोजच्या मालिकेच्या बाबतीत तरी. समीक्षक तिथे वेगळ्याच गोष्टीसाठी उपयोगी पडतो.

मी इंदूरला एका हिंदी दैनिकाच्या पुरवणीच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली आहेत. घरी मराठी, कचेरीत हिंदी, आणि टेबलावर चॅनलवाल्यांच्या प्रेस नोट्सचा ढीग. त्यामुळे ही पानं भरतात कशी हे आतून पाहिलेलं आहे.

नाटकाचा समीक्षक शेवटचा पडदा पडेपर्यंत बसतो. इंदुरात ‘सानंद’ या मराठी संस्थेचे नाट्यप्रयोग बघणाऱ्या मराठी माणसाला याचा फायदा ठाऊक आहे. तिथे रामूभैया दाते, राहुल बारपुते, मामा मुजुमदार अशा नावांचे प्रेक्षकसमूह आहेत, आणि त्यांच्यासाठी एकाच नाटकाचे लागोपाठ प्रयोग लागतात. नाटक मुंबई-पुण्यात गाजून इकडे येतं, तोवर त्याची परीक्षणं आपण वाचलेली असतात. मध्यंतरात चहा घेता घेता लोक ती पडताळून बघतात, आणि बऱ्याचदा ती जुळतात. समीक्षकाने पाहिलं तेच नाटक आपल्यापुढे आलेलं असतं ना!

रोजच्या मालिकेचं तसं नसतं. समीक्षक बघतो पहिले दोन-चार भाग आणि त्यावर लिहून मोकळा होतो. मालिका मात्र आठवड्याला पाच-सहा भाग या वेगाने पुढे दोन-तीन वर्षं चालणार असते. कोणती मालिका किती बघितली जाते हे मोजणाऱ्या ‘बार्क’ या संस्थेचे आकडे दर आठवड्याला येतात आणि त्यावर पुढचा ट्रॅक ठरतो. एखादं दुय्यम पात्र लोकांनी उचललं की त्याचे सीन वाढतात, नायिकेची नोकरी एका भागात सुटते, आकडा फारच घसरला तर कथानक थेट सहा वर्षं पुढे उडी मारतं. पहिल्या आठवड्यातल्या परीक्षणात ज्या संयत लेखनाची तारीफ झालेली असते, त्याचा चौथ्या महिन्यात मागमूसही उरत नाही. समीक्षक खोटं बोलला असं नाही. त्याने पाहिलेली मालिका आता शिल्लक नाही, एवढंच.

उलटंही घडतं. ‘हम लोग’ ७ जुलै १९८४ ला दूरदर्शनवर सुरू झाली तेव्हा तिच्यात कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका ठासून भरला होता की पहिल्या तेराएक भागांत लोक वैतागले. मग मनोहर श्याम जोशींच्या लेखनाचा रोख बदलला, उपदेश मागे पडला, घरातली भांडणं आणि स्वप्नं पुढे आली, आणि एकूण दीडशेवर भागांची ती मालिका संपेपर्यंत देश त्या घरात अडकून पडला. दुसऱ्या आठवड्यात कोणी ‘प्रचारकी आणि नीरस’ असं लिहिलं असतं तर ते शंभर टक्के खरं ठरलं असतं, आणि त्या मालिकेबद्दल तरीही काहीच कळलं नसतं.

दुसरी गोष्ट मालिका बघायच्या रीतीची. समीक्षक पडद्यासमोर बसून, हातात वही घेऊन, एकेक फ्रेम बघतो. आमच्या सासूबाई मालिका बघत नसत, ऐकत असत. हाताखाली मेथीची जुडी, कुकरची शिट्टी मोजायची, मध्येच दारावर कोणी आलं तर उठायचं. संवाद तीनदा का सांगतात, प्रत्येक चेहऱ्यावर कॅमेरा ‘ढँण’ करत का जातो, कालचंच आज पुन्हा का दाखवतात, याची उत्तरं स्वयंपाकघरात मिळतात. हे लेखन अर्धं लक्ष असलेल्या माणसासाठी बेतलेलं असतं. पूर्ण लक्ष देणाऱ्याला ते छळणारच. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ला इंग्रजी पेपरांनी किती झोडपलं, तरी २००० ते २००८ मध्ये तिचे १८३३ भाग झाले आणि २०२५ मध्ये ती परतही आली. त्या टीकेतला बराच भाग रास्त होता, बायकांचं चित्रण तर खरोखर मागासलेलं होतं. पण काही टीका नुसती नाक मुरडणारी होती, आणि ते नाक मालिकेपेक्षा ती बघणाऱ्या बायकांकडे बघून मुरडलेलं असे, असं माझं ठाम मत आहे.

विनोदी मालिकांबाबत तर पहिल्या भागाचं परीक्षण मी वाचतच नाही. विनोदी मालिकेतली माणसं शेजारी नव्याने आलेल्या बिऱ्हाडासारखी असतात. त्यांच्या खोडी माहीत झाल्याशिवाय हसू येत नाही. इंग्लंडमध्ये १९७५ साली ‘फॉल्टी टॉवर्स’ सुरू झाली तेव्हा ‘डेली मिरर’ने तिचा नायक जॉन क्लीजच्या उंचीवर कोटी करून विनोद तोकडे पडल्याचा मथळा दिला होता. सगळे मिळून बाराच भाग निघाले, आणि २००० साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या यादीत ती सर्वोत्तम ब्रिटिश कार्यक्रम ठरली. आपल्याकडे ‘साराभाई वर्सेस साराभाई’ २००४ मध्ये आली तेव्हा टीआरपी यथातथाच होता. आज तिचे तुकडे मोबाइलवर फिरतात आणि त्या मालिकेच्या वेळी जन्मलेली मुलंही माया साराभाईची नक्कल करतात. याच्या उलट ‘मिसेस ब्राउन्स बॉईज’. समीक्षकांनी तिला अक्षरशः सोलून काढलं, प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं, आणि २०१२ मध्ये तिला बाफ्टा हा मानाचा ब्रिटिश पुरस्कारही मिळाला. हसू येणं न येणं यावर कोणाचा निकाल चालत नाही, हे एकदा मान्य केलं की अर्धा वाद मिटतो.

(इथे इंदूरकर म्हणून एक मिरवून घेते. ‘ये जो है ज़िंदगी’ ही विनोदी मालिका लिहिणारे शरद जोशी मूळ उज्जैनचे, आणि आमच्या ‘नईदुनिया’ दैनिकात सदर लिहून घडलेले. पेपरात रोज टपल्या मारणारा माणूस स्वतः टीव्हीसाठी लिहायला बसला की काय होतं ते १९८४ मध्ये सगळ्यांनी पाहिलं.)

मग समीक्षक हवा कशाला? जिथे चांगली गोष्ट आकड्यांखाली चिरडली जाते तिथे तो हवा. अमेरिकेत ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ १९८१ मध्ये आली तेव्हा बघणारे फार थोडे होते. समीक्षक मात्र तिच्या पाठीशी उभे राहिले, त्याच वर्षी तिला आठ एमी, म्हणजे तिकडचे टीव्हीचे मोठे पुरस्कार, मिळाल्या आणि ती बंद पडायची वाचली. ‘द वायर’ला पाच हंगामांत एकही एमी मिळाली नाही, प्रेक्षकही जेमतेम, तिचं नाव टिकलं ते लिहिणाऱ्यांमुळे. आणि काही जण असे असतात की कार्यक्रम पाहिला नसला तरी त्यांचं लिखाण वाचावंसं वाटतं. क्लाइव्ह जेम्सने १९७२ पासून दहा वर्षं लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये टीव्हीवर लिहिलं. त्यातले कितीतरी कार्यक्रम आज कोणाला आठवत नाहीत, लेख मात्र लोक पुस्तकातून वाचतात. आपल्याकडे इंग्रजीत अमिता मलिक होत्या. हिंदीत सुधीश पचौरी ‘जनसत्ता’त मालिकांना गंभीरपणे घेऊन लिहीत, आणि त्या पेपरचे संस्थापक-संपादक प्रभाष जोशी इंदूरहूनच गेलेले. सिनेमापुरतं बोलायचं तर जयप्रकाश चौकसेंचं ‘परदे के पीछे’ हे ‘दैनिक भास्कर’मधलं सदर आमच्याकडे कित्येक घरांत पहिल्या पानाच्याही आधी वाचलं जाई. २०२२ मध्ये ते गेले, तोपर्यंत. बघा किंवा बघू नका एवढंच सांगणारं ते लिखाण नव्हतं.

आता डेस्कवरची गोष्ट. मालिकेबद्दल पेपरात जे छापून येतं त्यातलं बरंचसं परीक्षण नसतंच. चॅनलची प्रेस नोट असते, वरचा परिच्छेद खाली आणि खालचा वर करून लावलेली. ओळखायची कशी? शेवटच्या ओळीत मालिकेची वेळ आणि वाहिनीचं नाव असतं. नायिकेला भूमिका ‘आव्हानात्मक’ वाटत असते. दोष एकही नसतो, किंवा असलाच तर ‘गती थोडी वाढवता आली असती’ एवढाच. संध्याकाळी सातला पान सोडायचं असतं आणि कोपरा रिकामा असतो, तेव्हा असा मजकूर देवासारखा धावून येतो. यात कोणाचं कारस्थान नसतं, माणसं कमी असतात.

वेब मालिकांचं परीक्षण मी जरा जास्त विश्वासाने वाचते. तिथे बऱ्याचदा अख्खा हंगाम समीक्षकाला आधी बघायला मिळतो, आणि आकडे आले म्हणून सहावा भाग पुन्हा लिहिला जात नाही. नाटकाच्या परीक्षणाशी त्याचं नातं जुळतं.

तुम्ही महाराष्ट्राबाहेर राहत असाल तर आणखी एक मुद्दा. मराठी वाहिन्यांच्या रेटिंगच्या ज्या याद्या छापून येतात त्या महाराष्ट्र-गोव्याच्या बाजारपेठेच्या असतात. इंदूरच्या रामबागेत किंवा लोकमान्य नगरात किती घरांत मराठी मालिका चालते याची त्यात दखल नसते. पुण्या-मुंबईच्या समीक्षकालाही आमची कारणं माहीत असायचं कारण नाही. आमच्याकडे कितीतरी आया मालिका लावतात त्या शाळेत दिवसभर हिंदी बोलून आलेल्या मुलांच्या कानावर मराठी पडावं म्हणून. १९९९ मध्ये अल्फा मराठी सुरू झाली तेव्हा ‘आभाळमाया’ इथे कथानकासाठी जितकी पाहिली गेली तितकीच आपली भाषा टीव्हीवर रोज ऐकू येते म्हणून. अशा घरात कथानक ताणलंय ही तक्रार खरी असली तरी टीव्ही बंद होत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते: एक-दोन समीक्षक धरा आणि त्यांना सलग वाचा. त्यांचं मत पटलंच पाहिजे असं नाही. ज्याच्याशी तुमचं नेमानं वाजतं असा एक जण सापडला तर उत्तमच. त्याला ‘भडक’ वाटलेलं तुम्हाला चालतं आणि त्याला ‘तरल’ वाटलेलं तुम्हाला झोप आणतं, हे कळलं की त्याचं प्रत्येक परीक्षण तुमच्या कामाचं. रोजची मालिका असेल तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात स्वतः दोन भाग बघा. विनोदी असेल तर पहिल्या भागावर सोडून देऊ नका. आणि तारे मोजू नका. पाचपैकी साडेतीन हा आकडा डेस्कवर फार लाडका आहे. त्याने ना वाहिनी नाराज होते, ना वाचक पत्र लिहितो.