'व्हेरी'ची वंशावळ

प्रश्न असा: इंग्रजीतला 'व्हेरी' संस्कृत 'वर' (श्रेष्ठ) यावरून आला का? आणि 'आय व्हेरी लाइक इट' का चालत नाही?

'वर'चा इथे काही संबंध नाही. तो 'वृ' म्हणजे निवडणे या धातूचा. लग्नातला वर तोच, देवाकडे मागायचा वरही तोच. या धातूतला 'र' मूळचा 'ल' आहे, त्यामुळे इंग्रजीत त्याचं गोत्र 'विल'शी (इच्छा) जुळतं.

'व्हेरी' फ्रेंचमधून आला. लॅटिन 'वेरुस' म्हणजे खरा, त्यावरून 'वेराक्स' म्हणजे सत्यवचनी, आणि त्याच्या बोलीरूपातून जुन्या फ्रेंचमधलं 'वेराइ'. १०६६मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच शब्दांचा जो लोंढा इंग्रजीत शिरला, त्यातलाच हा. तेराव्या शतकात तो रुळला, पण साधं विशेषण म्हणून, 'खरा' या अर्थाने. 'व्हेरिफाय' आणि 'व्हर्डिक्ट' याच कुळातले. 'फार'चं काम तेव्हा 'स्वीथे' (मूळ अर्थ जोराने), 'फुल', 'राइट' असे मूळचे इंग्रजी शब्द करत. ब्रिटिश मंत्र्यांच्या नावामागचं 'राइट ऑनरेबल' हा त्याचाच अवशेष.

मग विशेषणाचं क्रियाविशेषण झालं कसं? चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरने 'कँटरबरी टेल्स'मधल्या आपल्या सरदाराचं वर्णन 'व्हेराय पार्फिट जेंटिल नाइट' असं केलं. 'व्हेराय'नंतर आज छापतात तो स्वल्पविराम संपादकांचा. आता वाचा: 'खरा, परिपूर्ण, कुलीन सरदार', की 'खरोखर परिपूर्ण'? दोन्ही बसतं. विशेषणांच्या रांगेत पहिलं उभं राहून राहून हा शब्द सरदाराला सोडून शेजारच्या विशेषणालाच चिकटला. 'खरा'चा 'खरोखर' झाला, आणि पुढे त्यातलं सत्य झिजून नुसतं 'फार' उरलं. (आपल्या 'खूप'ची वाटही अशीच. फारसीत 'खूब' म्हणजे चांगलं.)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. विशेषणाशेजारी वाढलेला हा शब्द विशेषण आणि क्रियाविशेषण यांच्याच आधी बसतो, क्रियापदाला थेट लागत नाही. तिथे 'मच'ची मदत लागते: 'आय लाइक इट व्हेरी मच'. धातुसाधितांचं जरा नाजूक आहे. 'टायर्ड' आता पुरतं विशेषण झालंय, म्हणून 'व्हेरी टायर्ड' बिनदिक्कत चालतं. 'व्हेरी अफेक्टेड बाय द फ्लड' मात्र खटकतं, तिथे 'बॅडली' घ्यावं.

भाषांतर करणाऱ्यांनी एक सांभाळावं. जुनं विशेषण अजून जिवंत आहे: 'द व्हेरी मॅन', 'ऑन धिस व्हेरी स्पॉट'. इथे 'फार' घातलंत तर वाक्य फसलं. मराठीत नुसता 'च' पुरतो: तोच माणूस, याच जागी.