लवचीक नक्की कोण, तार की एलईडी?

प्रश्न असा आहे की कॉलेजच्या विज्ञान अंकात फ्लेक्झिबल नॅनोवायर एलईडीवर, म्हणजे अतिसूक्ष्म तारांच्या, वाकवता येणाऱ्या एलईडीवर लेख येतोय आणि त्याला मथळा दिलाय ‘लवचीक अब्जांश तारांचा अर्धवाहक प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थ’ (अब्जांश म्हणजे नॅनो, अर्धवाहक म्हणजे सेमीकंडक्टर, द्विप्रस्थ म्हणजे डायोड), तर हे मराठी बरोबर आहे का.

एकेक शब्द सुटा घेतला तर चूक काढता येणार नाही, पण मथळा वाचून जे कळतं ते प्रत्यक्षाच्या बरोबर उलटं आहे, कारण यातली उजेड देणारी तार लवचीक नसतेच.

म्हणजे कसं, ही तार गॅलियम नायट्राइडची असते, ज्याच्या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं फिजिक्सचं नोबेल मिळालं तोच पदार्थ, आणि तो स्फटिक एकदम मोडेन पण वाकणार नाही या खाक्याचा. म्हणून त्याचा सलग थर न करता नीलमच्या चकतीवर उभ्या काड्या वाढवतात, याच त्या नॅनोतारा, जाडीला साधारण मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून कमी, मग मधल्या जागेत सिलिकोन रबर भरायचं आणि ते घट्ट झालं की अख्खा पापुद्रा चकतीवरून सोलून काढायचा. २०१५मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी असे निळे आणि हिरवे पापुद्रे एकावर एक बसवूनही दाखवले. पापुद्रा वाकवला की वाकतं ते रबर, काड्या आपल्या ताठच्या ताठ.

आता घोळ होतो तो ‘लवचीक’ हे विशेषण विकारी नाही, म्हणजे पुढच्या नामाप्रमाणे त्याचं रूप बदलत नाही म्हणून. ‘ताजा उसाचा रस’ आणि ‘ताज्या उसाचा रस’ यात ताजं काय ते त्या एका ‘ज्या’वरून कळतं, पण ‘थंड उसाचा रस’ म्हटलं तर व्याकरण काहीच सांगत नाही, आपण आपल्या अकलेने समजून घेतो कारण रसवंतीवर ऊस गार करून कोणी देत नाही. नॅनोतारेच्या बाबतीत वाचकाला असा आधार कुठला, उलट तार म्हटली की ती वाकणारच असं डोक्यात पक्कं असतं. त्यामुळे विशेषण ज्याचं त्याला चिकटवा, ‘नॅनोतारांचा लवचीक एलईडी’. ‘वाकणारा’ घेतलात तर जागा चुकली तरी चालतं, ‘वाकणारा’ आणि ‘वाकणाऱ्या’ यात फरक दिसतो, पण मथळ्यात तो जरा खेळण्यासारखा वाटतो.

एलईडीचे दाणे कडक असताना एलईडीला लवचीक म्हणावं का, तर खुशाल म्हणा. मुंबईत लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारात फ्लेक्झिबल एलईडी मागितला की पट्टीचं रीळ पुढे येतं, हवं तेवढं मोजून कात्रीच्या खुणेवर कापून मिळतं, त्यातही दिवे कडकच असतात आणि वाकते ती पट्टी, कोणाची तक्रार नसते. फक्त वाचकाच्या डोळ्यापुढे तीच दिवाळीची पट्टी येऊ नये म्हणून ‘नॅनोतारांचा’ हवंच.

लेखात चांदीच्या नॅनोतारांचा उल्लेख असेल (बहुतेक असेलच, नेहमीचा पारदर्शक विद्युतवाहक लेप वाकवला की तडकतो म्हणून त्यांची जाळी पसरतात) तर सांभाळा, त्या मात्र खरोखर वाकतात आणि करंट नेतात, आपल्या मनातल्या तारेसारख्याच. एकीला ‘उभी नॅनोतार’ आणि दुसरीला ‘चांदीची नॅनोतार’ म्हणा, नुसतं ‘तार’ म्हटलंत तर वाचक दुसऱ्या परिच्छेदातच हरवेल.

बाकी, ‘अब्जांश तार’ मला तारेचा अब्जावा तुकडा वाटतो, शतांश-दशांश आपण तसेच वाचतो ना. नॅनो आता सगळ्यांना कळतं. ‘अर्धवाहक’ मथळ्यात नको, एलईडी अर्धवाहकाचाच असतो, ते आत लिहा. द्विप्रस्थ तर परीक्षेबाहेर कोणी बोलताना मी ऐकलेला नाही.

आणि लवचीक मधला ‘ची’ दीर्घ, प्रूफ बघताना तेवढं बघा, सर्रास ऱ्हस्व टाइप होतो.